कोरडी, चुरचुरणारी त्वचा : आधी काय थांबवावे आणि मग काय लावावे?

मृद्गंधा (धागाकर्ती)

नमस्कार. गेली दोन वर्षे माझी त्वचा फार कोरडी पडते आहे आणि गेल्या सहा महिन्यांत तर तिला काहीच सोसेनासे झाले आहे. तोंड धुतल्यावर पाच मिनिटांत गाल ओढल्यासारखे होतात. गडद रंगाचे कपडे उलटे करून झटकले की नडग्यांवरून सुटलेला पांढरा कोंडा आतल्या बाजूला चिकटलेला दिसतो. उजव्या अंगठ्याला नखाच्या कोपऱ्याशी एक चीर पडली आहे. ती भरत आली असे वाटते आणि सदऱ्याचे बटण लावताना नेमकी त्याच जागी पुन्हा उलते.

आजवर मी एकामागून एक नऊ प्रकारची क्रीम आणि लोशने आणली. त्यांतली बहुतेक 'संवेदनशील त्वचेसाठी' म्हणूनच विकली जातात. पहिले दोन दिवस बरे वाटते, मग गालांवर चुरचुर सुरू होते, मी ते बंद करते आणि दुसरे आणते. परवा साधे पेट्रोलियम जेलीचे बोट लावले तेव्हा मात्र काहीच झाले नाही, आणि तेव्हापासून मनात प्रश्न घोळतो आहे की माझी त्वचा मुळात कोरडी आहे म्हणून चुरचुरते, की ती नाजूक आहे आणि मी लावलेल्या गोष्टींनीच कोरडी पडली? ज्यांनी यातून वाट काढली आहे किंवा ज्यांना यामागचे शास्त्र ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. घाई नाही, मी शांतपणे वाचणार आहे.

अनुस्वार

मृद्गंधाताई, प्रश्न फार नेमका विचारला आहे. मी प्रसाधनांच्या मिश्रणशास्त्रात काम करतो, त्यामुळे रोग आणि औषधे यांविषयी न बोलता त्वचेच्या भिंतीविषयी लिहितो, कारण आपल्या दोन्ही शक्यतांचे मूळ तिथेच आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जाडीला जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर असतो, म्हणजे केसापेक्षाही बारीक. पापण्यांवर तो अगदी पातळ आणि तळपायांवर जाड असतो. त्यात चपट्या पेशींचे साधारण १५ ते २० पदर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ पीटर एलियास यांच्यामुळे रूढ झालेली उपमा अशी की पेशी म्हणजे विटा आणि हे स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या चुन्यात वजनाने जवळजवळ निम्मे सेरामाइड असते, त्याखालोखाल कोलेस्टेरॉल आणि मग मुक्त मेदाम्ले. विटांच्या आतही पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात आणि त्यांतले बरेचसे फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार होतात. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातच काही जणांना जन्मतः दोष असतो. २००६ साली डंडी विद्यापीठातील संशोधकांनी या दोषाचा एक्झिमाशी, म्हणजे त्वचेच्या खाजऱ्या दाहाशी, असलेला संबंध दाखवून दिला, आणि 'एक्झिमा म्हणजे आतून होणारी अॅलर्जी' एवढेच मानणाऱ्यांना भिंतीकडेही पाहावे लागले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. चुना झिजला की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. आतले पाणी हळूहळू बाहेर उडून जाते, तो कोरडेपणा. आणि बाहेरच्या ज्या गोष्टी एरवी पृष्ठभागावरच राहिल्या असत्या, त्या आत झिरपून मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचतात, ती चुरचुर. म्हणून 'कोरडी की नाजूक' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'एकाच भेगेच्या दोन बाजू' असे असते. पेट्रोलियम जेलीने आपल्याला काही झाले नाही याचे कारणही यातच आहे. तिच्यात पाणी नाही, त्यामुळे परिरक्षक, म्हणजे वस्तू नासू नये म्हणून घालायची द्रव्ये, घालावे लागत नाहीत, आणि बिनवासाची निवडली तर सुगंधही नसतो. ती आत जात नाही, वर बसून राहते. पाण्याचे उडून जाणे ती प्रयोगांमध्ये ९८ टक्क्यांपर्यंत रोखते. दुसरे कोणतेही तेल किंवा सिलिकोन तिच्या जवळपास येत नाही. रॉबर्ट चेझब्रो यांनी तिचे पेटंट १८७२ मध्ये घेतले, आणि इतक्या वर्षांनंतरही तुलनेसाठी मापदंड म्हणून तीच वापरली जाते.

माझे मत विचाराल तर नऊ बाटल्यांपैकी कोणती वाईट होती हे शोधण्यात आत्ता वेळ घालवू नका. भिंतीला भगदाड असताना चांगली वस्तूही झोंबते. आधी भिंत लिंपा, मग एकेकीची परीक्षा घ्या.

रानजाई

अनुस्वार यांनी भिंत समजावून सांगितली; मी ती रोज पडते कशी, ते लिहिते. मी त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून काम करते. विभागात येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न 'काय लावता' असा विचारत नाही, 'कशाने धुता' असा विचारते.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू ५ च्या आसपास. खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. ही आम्लता सेरामाइड तयार करणाऱ्या विकरांना लागते, आणि ती घटली की त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणारे दुवे वेळेआधी कापले जातात. साबण मळाबरोबर चुनाही धुऊन नेतो, तो भाग वेगळाच. म्हणून धुण्यासाठी साबणविरहित, बिनवासाचा, कमी फेसाचा द्रव घ्यावा. फेस जितका जास्त तितकी स्वच्छता जास्त, ही समजूत मनातून काढावी लागते आणि त्याला वेळ लागतो, हे मला रोज दिसते. अंगावर घाम आणि मळ साचणाऱ्या जागा, म्हणजे काखा, जांघा आणि पाय, एवढ्याच रोज धुण्याच्या द्रवाने धुवा. हातपाय आणि पाठ यांना नुसते पाणी पुरते.

पाणी कोमट असावे. हाताला 'छान गरम' वाटते ते कोरड्या त्वचेला जास्त असते. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. घासणी, स्पंज, खरखरीत पंचा, सगळे काही काळ बाजूला ठेवावे. अंग पुसताना टॉवेल ओढू नये, टेकवून पाणी टिपावे, आणि त्वचा थोडी दमट असतानाच मलम लावावे. केसांच्या दिशेने, वरून खाली, लांब हात फिरवून लावावे. चोळून चोळून जिरवण्याची गरज नाही. उलट दिशेने रगडल्याने केसांची मुळे बुजतात आणि पुळ्या येतात.

आणि प्रमाण! इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम क्रीम लागते. दिवसातून दोनदा लावले तर आठवड्याला ४०० ग्रॅमच्या वर जाते. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर ती औषध म्हणून पोहोचतच नाही, एवढेच त्यातून कळते. आपली ट्यूब किती दिवस पुरली, मृद्गंधाताई?

मृद्गंधा

अनुस्वार, रानजाईताई, आपण दोघांनी इतक्या तळमळीने लिहिलेत, मनापासून आभार. ट्यूब विचारलीत म्हणून शोधून पाहिली. शेवटची १०० ग्रॅमची होती आणि ती मला सात आठवडे पुरली. मी वाटाण्याएवढा थेंब घेऊन दोन्ही पाय उरकत होते. साबण मात्र सोडला आहे, कालपासून.

एक शंका आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की क्रीमची सवय लागते, त्वचा आळशी होते, त्यापेक्षा तेल लावावे आणि पाणी भरपूर प्यावे. यात कितपत तथ्य आहे?

कवडसा

तेलाच्या बाजूने मी बोलतो. माझी त्वचा लहानपणापासून कोरडी आहे आणि अंघोळीनंतर तेलाचा हात फिरवल्यावर मला जो आराम पडतो तो कोणत्याही लोशनने पडत नाही. तेलात रसायने नाहीत, परिरक्षक नाहीत, वास नाही. अनुस्वार यांनी पेट्रोलियम जेलीबद्दल जे गुण सांगितले, तेच तेलालाही लागू पडतात असे मला वाटते. मग तेल का नको?

अनुस्वार

कवडसा, आपल्या त्वचेला तेल मानवते आहे तर ते सोडण्याचे काही कारण नाही. पण 'तेल' हा एक पदार्थ नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढ माणसांच्या हाताच्या पुढच्या भागावर काही आठवडे, दिवसातून दोनदा, ऑलिव्ह तेलाचे थोडेसे थेंब लावले. ज्या त्वचेला कधी काही झाले नव्हते, तिचीही भिंत त्याने कमकुवत झाली आणि हलकी लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तसे झाले नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते आणि ते चुन्याची रचना विस्कळीत करते. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त असते आणि ते त्वचेला स्वतःचे सेरामाइड बनवायला उपयोगी पडते. दोन्ही नैसर्गिक, दोन्ही खाद्य, तरी त्वचेवर परिणाम उलटे. म्हणून 'रसायने नाहीत' हे वाक्य मला नेहमी खटकते. ओलेइक आम्ल हेही रसायनच आहे.

दुसरी गोष्ट, तेल पाणी देत नाही आणि धरूनही ठेवत नाही. ते फक्त वरून थोडेफार झाकते. ग्लिसरीन, कमी प्रमाणातला युरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार ही पाणी धरणारी मंडळी. जेली, मेण, जड तेले ही झाकणारी. चांगल्या क्रीममध्ये दोन्ही असतात, आणि सेरामाइड असतील तर चुन्याची थोडी भरपाईही होते. युरियाबद्दल एक सावधगिरी बाळगा. ५ ते १० टक्क्यांपर्यंत तो ओलावा धरतो, २० टक्क्यांच्या पुढे तो जाड कातडी सोलू लागतो. टाचांच्या भेगांभोवतीच्या कठीण कातड्याला ते हवे असते, चुरचुरणाऱ्या गालाला अजिबात नको.

'सवय लागते' या समजुतीविषयी एवढेच म्हणेन की क्रीम बंद केल्यावर त्वचा पुन्हा कोरडी होते, कारण कोरडेपणाचे कारण गेलेले नसते. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधुक दिसते, म्हणून चष्म्याने डोळे आळशी केले असे आपण म्हणत नाही. आणि पाणी तहानेप्रमाणे प्यावेच. पण ज्याच्या शरीरात पाणी पुरेसे आहे त्याने आणखी चार पेले प्यायल्याने वरच्या थराचा कोरडेपणा जातो याला भक्कम आधार नाही. भिंतीला गळती असेल तर टाकी भरत राहून उपयोग होत नाही.

कवडसा

समजले. मी वापरतो ते सूर्यफुलाचेच आहे, हा निव्वळ योगायोग. पण दोन महिन्यांच्या पुतणीच्या अंगाला घरी दुसरेच तेल लावतात, त्याचे लेबल आता आवर्जून वाचेन. तान्ह्या मुलांना रोज क्रीम लावले तर पुढे एक्झिमा होत नाही असे वाचले होते, ते खरे आहे का?

रानजाई

तशी आशा होती, पण ती टिकली नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १,४०० बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले आणि जन्मापासून रोज क्रीम लावल्याने एक्झिमा टळला नाही. ज्या बाळाची त्वचा कोरडी आहे त्याला क्रीम लावावेच. ज्याची नाही त्याला केवळ भीतीपोटी लावू नये. अंघोळीच्या पाण्यात ओतायच्या तेलांचेही तसेच. २०१८ मध्ये ४८३ मुलांवरील चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही, टब मात्र निसरडा होतो. ते पैसे अंगाला लावायच्या मलमावर खर्च करावेत.

आणि कोणते मलम सर्वांत चांगले, हा प्रश्न मला रोज विचारला जातो, त्याचे उत्तर २०२२ मध्ये एका चाचणीने दिले. साडेपाचशे मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट (म्हणजे घट्ट, चिकट प्रकार) अशा चार गटांत विभागून पाहिले. चारही प्रकारांचा गुण जवळजवळ सारखाच आला. मला यातून धीर मिळतो, कारण चिकट ऑइंटमेंट आवडत नाही म्हणून काहीच न लावणारी माणसे मी पाहते. जे आपण खरोखर दिवसातून दोनदा लावू, तेच घ्यावे. पाण्याचे प्रमाण जास्त असलेले लोशन लवकर उडते, ते अधिक वेळा लावावे लागेल, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

तिसरा_प्रहर

धागा वाचून माझ्या वडिलांविषयी विचारतो. वय ७४. दोन्ही नडग्यांवर कोरड्या पडलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगांची जाळी उमटली आहे, मध्ये मध्ये लालसर, आणि रात्री इतकी खाज सुटते की चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. ते कडक गरम पाण्याने अंघोळ करतात, कारण तेवढ्यापुरती खाज थांबते. मी रोज भांडतो आहे. आपण सांगता तसे मलम पुरेसे होईल का?

रानजाई

दादा, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले. वयाबरोबर तेलग्रंथी मंदावतात आणि नडगीची त्वचा सर्वांत आधी सुकते. तिथे अशा जाळीदार भेगा पडून दाह सुरू झाला की त्याला कोरडेपणातून आलेला एक्झिमा म्हणतात. गरम पाण्याने खाज तात्पुरती दबते ती मज्जातंतूंना दुसरा, तीव्र संदेश मिळाल्याने. अर्ध्या तासाने ती दुप्पट होऊन परतते. भांडण्याऐवजी गार, ओली पट्टी दहा मिनिटे ठेवून त्यावर लगेच ऑइंटमेंट, असे आठ दिवस करून त्यांनाच ठरवू द्यावे. नखे बारीक कापून कडा गुळगुळीत घासून द्याव्यात.

पण रक्त येईपर्यंत खाजवत आहेत, म्हणजे दाह आहे, आणि दाहाला नुसते मलम पुरत नाही. डॉक्टर बहुधा काही दिवसांसाठी स्टेरॉइडचे क्रीम लिहून देतील. ते घाबरण्यासारखे नाही आणि मनाने आणून महिनोन्महिने चेहऱ्याला फासण्यासारखेही नाही. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की ते अर्धा ग्रॅम होते आणि प्रौढ माणसाच्या हाताच्या, बोटांसह, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. स्टेरॉइड आणि साधे मलम यांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

आणि कृपया एकदा रक्त तपासून घ्यावे. थायरॉइड मंदावणे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि लोहाची कमतरता यांतही त्वचा कोरडी पडते किंवा खाज सुटते. लघवी वाढवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा येतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, त्यांची यादी घेऊन जावे. भेगांमधून पाणी येऊ लागले, पिवळी खपली धरली, पाय गरम होऊन सुजला किंवा ताप आला, तर वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक, कारण घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा देव्हाऱ्यात दिवा लागत असेल तर हे महत्त्वाचे आहे. मलम मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात, धुतल्यावरही तो अंश पूर्ण जात नाही. ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०१८ मध्ये हा इशारा सगळ्याच प्रकारच्या मलमांना लागू केला. वडिलांना ज्योतीपासून दूर बसवावे.

तिसरा_प्रहर

रानजाईताई, आपले ऋण कसे फेडू? वडिलांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. तळ्याच्या चिखलाची उपमा ऐकून त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या पायांकडे नीट पाहिले. वेळ घेतली आहे.

मृद्गंधा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. धुण्याचा द्रव बदलला, पाणी कोमट केले, आणि बिनवासाचे एकच साधे क्रीम सकाळ-संध्याकाळ भरपूर लावते आहे. ५०० ग्रॅमचा डबा आणला तेव्हा फार वाटला होता. आता तळ दिसतो आहे. नडग्यांवरचा कोंडा जवळजवळ गेला. गालांची ओढ कमी झाली.

अंगठ्याची चीर मात्र हटत नाही. शिवाय डोळ्यांभोवती आणि मानेच्या एका बाजूला लालसर, खाजरे चट्टे आहेत. तिथे काहीही लावले तरी आग होते. नेमके तेवढ्याच जागी का, ते कळत नाही. चेहऱ्याला फक्त हेच क्रीम लावते आहे.

अनुस्वार

आता शोध घेण्याची वेळ आली असे म्हणतो. सर्वसाधारण कोरडेपणा उतरला आणि ठरावीक जागा उरल्या, म्हणजे तिथे दुसरे काही पोहोचते आहे. पापणीची त्वचा इतकी पातळ असते की आपण तिला थेट काही न लावताही तिला हाताचे, केसांचे, हवेतले लागते. पापणीवरच्या पुरळाचे कारण नखाच्या रंगात किंवा केसांच्या शाम्पूत सापडण्याचे प्रकार त्वचारोगतज्ज्ञांना अगदी नेहमीचे आहेत.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. लावताक्षणी आग होते आणि धुतल्यावर थांबते, लाली फारशी दिसत नाही, ती संवेदनशीलता. खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१७ मध्ये तिची व्याख्या साधारण अशीच केली की एरवी ज्याने त्रास होऊ नये अशा गोष्टीने चुरचुर, आग, टोचणी किंवा खाज जाणवणे. दुसरी, स्पर्शाची अॅलर्जी. ती एक-दोन दिवसांनी उगवते, खाजरे लाल चट्टे देते, आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूचीही अचानक सुरू होऊ शकते. म्हणूनच 'हे तर मी कायम वापरते' असे म्हणून एखादी वस्तू यादीतून वगळू नये.

लेबलवरचे शब्द जपून वाचावेत. 'संवेदनशील त्वचेसाठी' किंवा 'कमी अॅलर्जीकारक' या शब्दांमागे बहुतेक ठिकाणी कोणतीही सक्तीची कसोटी नसते. 'वास नाही' आणि 'सुगंध घातलेला नाही' यांत फरक आहे. पहिल्यात मूळ वास दडपण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. वनस्पतींची सुगंधी तेले हीदेखील सुगंधच. परिरक्षकांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नाव शोधा. त्याच्या अॅलर्जीचे प्रमाण इतके वाढले की २०१३ मध्ये अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला वर्षातला प्रमुख अॅलर्जीकारक ठरवले आणि युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. धुऊन टाकायच्या वस्तूंत, कपड्यांच्या द्रवांत आणि भिंतींच्या रंगात ते अजूनही भेटते.

आपल्या हाताला, केसाला आणि उशीला दिवसभरात काय काय लागते, त्याची यादी इथे लिहाल का?

मृद्गंधा

लिहिते. शाम्पू, तोच, चार वर्षांपासून. भांडी घासायचा द्रव, हातमोज्यांशिवाय. कपड्यांचा साबण-चुरा आणि त्यानंतर कपडे मऊ करणारा सुगंधी द्रव. नखांना काही नाही. केस उजव्या खांद्यावर घेऊन झोपायची सवय आहे आणि हे लिहिताना लक्षात आले की मानेवरचा चट्टा उजव्याच बाजूला आहे. शाम्पूची बाटली आत्ता आणून पाहिली. आपण लिहिलेले ते लांबलचक नाव शेवटून तिसरे आहे.

अनुस्वार

शेवटून तिसरे म्हणजे कमी आहे, असे समजू नका. घटकांची यादी बहुतेक ठिकाणी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण एक टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात आणि परिरक्षक तिथेच असतात. अॅलर्जीला एवढे प्रमाण पुरते. शाम्पू आजच थांबवा, कपड्यांचा सुगंधी द्रवही थांबवा, आणि उशीचा अभ्रा साध्या चुऱ्याने दोनदा धुऊन घ्या. पण निष्कर्षावर उडी मारू नका. यादीत नाव असणे हा संशय आहे, पुरावा नव्हे.

रानजाई

पुराव्यासाठी पॅच टेस्ट असते. योझेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ मध्ये दाखवलेली ही पद्धत मूळ स्वरूपात आजही तशीच चालते. अॅलर्जी देणारे ठरावीक पदार्थ छोट्या चकत्यांमधून पाठीवर चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, काढून वाचतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा वाचतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उगवतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही, आणि आधी पाठीला स्टेरॉइड लावलेले नसावे. आपला शाम्पू, द्रव आणि क्रीम मूळ बाटल्यांसह घेऊन जावे.

घरच्या घरी फक्त अंगावर राहणाऱ्या क्रीमची चाचणी करावी. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस. शाम्पू किंवा भांड्यांचा द्रव असा कधीही लावू नये. तो कुणाच्याही त्वचेला भाजेल आणि त्यातून काही कळणार नाही.

अंगठ्यासाठी रात्री ऑइंटमेंटचा जाड थर देऊन सुती हातमोजा घालून झोपावे. चीर खोल असेल तर तिच्या कडा चिकटपट्टीने जवळ आणून ठेवाव्यात, दर हालचालीला उघडणारी जखम भरत नाही. भांडी घासताना सुती मोज्यावर रबरी मोजा घालावा, आणि आत ओल आली की लगेच बदलावा.

तिसरा_प्रहर

वडिलांच्या तपासणीत थायरॉइड मंद निघाले. गोळी सुरू झाली आहे, पायांना दहा दिवसांचे स्टेरॉइड दिले आणि मलम दोन वेळा मी स्वतः लावतो. काल सकाळी चादर पांढरीशुभ्र होती. पाणी अजून त्यांना 'गारढोण' वाटते, पण ते कोमटच घेतात.

मृद्गंधा

तिसरा_प्रहर, वाचून फार बरे वाटले. काकांना नमस्कार सांगा.

शाम्पू सोडून १९ दिवस झाले. मानेचा चट्टा फिकट झाला आहे आणि पापण्यांची आग पहिल्यांदा थांबली. अंगठ्यावर अजून पट्टी आहे. आज सकाळी तिच्याखाली पाहिले तर चिरेच्या जागी गुलाबी, चकचकीत रेघ होती आणि बटण लावताना ती उलली नाही. पॅच टेस्ट सोमवारी आहे. चार बाटल्या, लेबले न काढता, पिशवीत भरून दाराशी ठेवल्या आहेत. वाचन बुधवारी आणि शुक्रवारी होणार आहे, ते झाले की इथेच लिहीन.